बेतणारा हात आणि टिपणारा डोळा

एका कलेत मिळालेले यश दुसऱ्या कलेत चलनी ठरते काय, हा प्रश्न जुनाच आहे. गायकाने चाली बांधाव्यात, नटाने नाटक लिहावे, चित्रकाराने कविता कराव्यात आणि रसिकांनी पहिल्या कलेतील पुण्याईवर दुसरीला गुण देऊन टाकावेत, हा व्यवहार सर्वत्र चालतो. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या प्रश्नाचा एकच कोपरा तपासावयास घेत आहोत. वस्त्रांची फॅशन घडविण्यात ज्यांनी नाव कमावले, त्यांच्या हाती कॅमेरा आला म्हणजे त्यांच्या ठायी छायाचित्रकाराची प्रतिभाही असते काय? विषय मराठी मासिकाला थोडा परका वाटेल, हे आम्ही जाणून आहो. परंतु गेल्या अर्धशतकात पॅरिस आणि न्यूयॉर्क ह्या दोन नगरांत ह्या प्रश्नाचा जणू प्रयोगच होऊन गेला आहे. आणि त्यातून जे निष्पन्न झाले, ते दर काही वर्षांनी बदली होऊन नव्या गावी, नव्या खात्यात बसणाऱ्या आपल्यासारख्यांना अगदीच परके नाही.

प्रथम दोन्ही कलांच्या प्रकृतीतील भेद पाहू. आपण मराठीत कपडा ‘बेततो’. आधी बेत, मग कात्री. पॅरिसच्या उंची पेढ्यांत रेशमाला हात लावण्यापूर्वी साध्या सुती कापडाचा कच्चा नमुना तयार करतात. तो मॉडेलच्या अंगावर चढवून टाचण्या लावतात, खुणा करतात, उसवतात, पुन्हा जोडतात. आणि सर्वांचे समाधान झाल्यावरच मूळ कापडावर कात्री चालते. ह्या कलेत चुकीला जागा आहे, कारण चूक उसवता येते. छायाचित्राची गोष्ट वेगळी. सेकंदाच्या १२५ व्या हिश्शात जे घडले ते घडले. पुढे छापताना छायाप्रकाश कमीअधिक करता येतो, चौकट कातरता येते. पण जे टिपले गेलेच नाही, ते मागाहून शिवता येत नाही. शिवाय वेशरचनाकाराचे वस्त्र माणसाच्या भोवतीने फिरते. त्याला पुढा आहे, पाठ आहे, कूस आहे. छायाचित्र हे सगळे एका पातळीवर आणून ठेवते. म्हणजे एकाने आकार घडवावयाचा आणि दुसऱ्याने घडलेल्या आकारापैकी काय राखावयाचे ते निवडावयाचे. दोघांनाही उजेड, चुणी आणि प्रमाण ह्यांची समज लागते हे खरे. परंतु एकाचा हात बेतणारा आहे आणि दुसऱ्याचा डोळा टिपणारा.

ह्या प्रयोगातील सर्वांत प्रसिद्ध नाव कार्ल लागरफेल्ड ह्यांचे. हँबर्ग येथे १९३३ साली जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी पॅरिसला आले. १९५४ च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोटाच्या आराखड्याबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले. १९६५ पासून रोमच्या फेंडी आणि १९८३ पासून पॅरिसच्या शानेल ह्या पेढीची रचना त्यांनी सांभाळली, ती २०१९ मधील मृत्यूपर्यंत. कॅमेरा त्यांनी हाती घेतला १९८७ साली, म्हणजे वयाची पन्नाशी उलटल्यावर. निमित्तही साधेच होते: शानेलच्या संग्रहाची वृत्तपत्रांकडे पाठवावयाची छायाचित्रे त्यांच्या मनासारखी येत नव्हती. तेव्हापासून ह्या पेढीच्या जाहिराती ते स्वतःच टिपू लागले. पुढे पॅरिसच्या र्यू द लील ह्या रस्त्यावर त्यांनी पुस्तकांचे दुकान आणि मागे चित्रणशाळा उभारली. जर्मनीतील श्टाइडल ह्या नामांकित प्रकाशकाने त्यांची पुस्तके काढली. जर्मन छायाचित्रण संस्थेने १९९६ साली आणि न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीने २००७ साली त्यांचा गौरव केला. जाणत्यांनी दिलेल्या ह्या मानाची बूज राखूनच आम्हांला आमचा अभिप्राय नोंदवावयाचा आहे.

त्यांच्या छायाचित्रांचा सर्वांत गाजलेला संच म्हणजे २०१२ साली पुस्तकरूपाने आणि प्रदर्शनरूपाने जगभर फिरलेला ‘द लिट्ल ब्लॅक जॅकेट’. कल्पना अशी, की शानेलचे एकच काळे जाकीट शंभराहून अधिक नामांकित स्त्रीपुरुषांना, आणि काही बालकांनाही, घालावयास द्यावयाचे आणि प्रत्येकाचे काळ्यापांढऱ्या रंगांत चित्र टिपावयाचे. पार्श्वभूमी मोकळी. कोणी ते कोटासारखे चढविले आहे, कोणी खांद्यावर टाकले आहे, कोणी भलत्याच तऱ्हेने गुंडाळले आहे. पाने उलटताना प्रथम मौज वाटते. मग हळूहळू ध्यानात येते, की चेहरे बदलत आहेत पण आपली दृष्टी मात्र बाहीच्या जोडावर आणि खिशाच्या किनारीवर स्थिरावत आहे. ह्या संचाचा नायक जाकीट आहे; माणसे त्याच्या खुंट्या आहेत. ‘व्होग’ मासिकाच्या त्या वेळच्या संपादिका ॲना विंटूर ह्यांचे चित्र तर पाठमोरे आहे. आमच्या मते संचातील अत्यंत प्रामाणिक चित्र हेच. चांगला शिंपी गिऱ्हाइकाला आधी मागे वळावयास सांगतो, कारण कपड्याचा खरेखोटेपणा पाठीवर कळतो. तेथे लागरफेल्ड स्वतःच्या धंद्याच्या नजरेने पाहत आहेत, आणि म्हणून ते चित्र उभे राहते.

शानेलच्या जाकिटाची एक खुबी जाणकार सांगतात. त्याच्या खालच्या किनारीच्या आतून एक बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनाने जाकीट अंगावर सरळ पडते, उडत नाही, सुरकुतत नाही. लागरफेल्ड ह्यांच्या बहुतेक छायाचित्रांना अशीच एक न दिसणारी साखळी शिवलेली आहे, असे आम्हांला वाटते. सारे काही सरळ पडते. मान हवी तितकीच वळते, हात हवा तेथेच थांबतो. चौकटीत अनाहूत असे काही शिरत नाही. आणि अनाहूत असे काही शिरले नाही, म्हणजे छायाचित्र सुबक असूनही ते एखाद्या उत्तम रेखाटनाहून पुढे जात नाही. लागरफेल्ड हे असामान्य रेखाटनकार होतेच. त्यांनी कॅमेऱ्याकडूनही रेखाटनच करून घेतले.

ह्याला एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर आमच्या हातून अन्याय होईल. काप्री बेटावर समुद्रात घुसलेल्या खडकावर कुर्झिओ मालापार्ते ह्या इटालियन लेखकाचे एक घर आहे; त्याच्या गच्चीवर जाणाऱ्या पायऱ्या वर जाता जाता रुंद होत जातात. ह्या घराच्या छायाचित्रांचे लागरफेल्ड ह्यांचे पुस्तक १९९८ साली निघाले. तेथे जाकीट नाही, मॉडेल नाही, आज्ञा देण्याजोगे कोणी नाही. घर दुसऱ्याने बांधलेले, खडक कोणीच न बांधलेला आणि उजेड समुद्राच्या मर्जीवर. ह्या पुस्तकात ते ताटकळले आहेत, असे जाणवते. आणि ताटकळणारा लागरफेल्ड आज्ञा करणाऱ्या लागरफेल्डपेक्षा मोठा छायाचित्रकार आहे. त्यांच्या ठायी गुण नव्हता असे म्हणता येत नाही. त्यांच्या यशाने त्या गुणाला ताटकळण्याचे प्रसंगच थोडे दिले.

तिएरी म्युग्लेर ह्यांचे प्रकरण निराळे आहे. स्ट्रासबूर्गचा हा मुलगा किशोरवयात तेथील ऑपेराच्या नृत्यमंडळीत नाचत असे. वस्त्रे नंतर आली. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या जाहिरातींचे चित्रण हेल्मुट न्यूटन ह्या नाणावलेल्या छायाचित्रकाराकडे होते. परंतु म्युग्लेर शेजारी उभे राहून इतक्या सूचना करीत, की ‘मग तुम्हीच का टिपत नाही’ अशा अर्थाचे न्यूटन बोलले आणि म्युग्लेर ह्यांनी खरोखरच कॅमेरा उचलला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९८८ साली निघाले. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीवर उंचावर जी पोलादी गरुडमुखे आहेत, त्यांपैकी एकावर मॉडेल चढलेली आणि खाली अथांग शहर पसरलेले, हे त्यांचे चित्र विसरता येत नाही. अवाढव्य वास्तू आणि तिच्यापुढे एवढीशी पण ताठ मानवाकृती, ही त्यांची आवडती मांडणी. पण ही दृष्टी शिवणाच्या टेबलावरून आलेली नाही. ती रंगमंचावरून आली आहे. विंगेत उभे राहून ज्याने भव्य पडद्यापुढे एकटा नर्तक पाहिला आहे, त्याला ती मांडणी शिकवावी लागत नाही. तेव्हा म्युग्लेर ह्यांचे उदाहरण देऊन ‘पाहा, वेशरचनाकार छायाचित्रकारही होतो’ असे कोणी म्हणेल, तर त्याने एवढेच लक्षात घ्यावे, की येथे एका तिसऱ्या कलेचे व्याज दोघींच्या खाती जमा झाले आहे.

हेदी स्लिमान ह्यांच्या बाबतीत तर प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. १९६८ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या ह्या रचनाकाराच्या हाती कॅमेरा बालवयातच आला होता. २००० ते २००७ ह्या काळात दिओर पेढीच्या पुरुषवस्त्रांची धुरा त्यांच्याकडे असताना त्यांनी अरुंद खांद्यांचा, काटकुळ्या बांध्याचा जो वेश रूढ केला, तो सर्वांना ठाऊक आहे. परंतु २००३ साली निघालेले त्यांचे बर्लिनच्या तरुणांचे पुस्तक आणि २००५ साली निघालेले लंडनमधील गायक पीट डॉहर्टी आणि त्याच्या भोवतीच्या मंडळींचे पुस्तक पाहिले, म्हणजे तो वेश कोठून आला ह्याचा उलगडा होतो. रात्री जागून, घामेजलेल्या गर्दीत उभे राहून त्यांनी जी पोरे टिपली, त्यांच्याच अंगलटीवर त्यांनी सकाळी कापड बेतले. येथे छायाचित्र हे वस्त्राचे अपत्य नसून त्याची जननी आहे. पुढे २०१२ ते २०१६ सें लोराँ आणि २०१८ ते २०२४ सेलीन ह्या पेढ्यांत असताना जाहिरातीही त्यांनीच टिपल्या. पण त्यांत बर्लिन-लंडनची धग आम्हांला सापडत नाही. तीच अंगलट, तोच काळापांढरा रंग, पण पोरांच्या अंगावरचे कपडे आता पेढीने दिलेले. ज्यांच्याकडून कलावंत शिकला, तेच आता त्याच्या आज्ञेत उभे आहेत.

आता आम्ही अशा माणसाकडे वळतो, ज्याचे नाव वेशरचनाकार म्हणून फारसे कोणी घेत नाही. बिल कनिंगहॅम ह्यांचा जन्म १९२९ सालचा. हार्वर्डचे शिक्षण अर्ध्यावर टाकून ते न्यूयॉर्कला आले आणि ‘विल्यम जे.’ ह्या नावाने स्त्रियांच्या टोप्या बनवू लागले. टोप्या कल्पक होत्या, गिऱ्हाईकही होते. परंतु १९६० नंतर स्त्रियांनी टोपी घालणेच सोडले आणि धंदा बसला. मग ते वृत्तपत्रांत फॅशनविषयी लिहू लागले. त्या दशकाच्या उत्तरार्धात एका छायाचित्रकार स्नेह्याने त्यांना लहानसा ऑलिंपस कॅमेरा दिला आणि टिपणवहीसारखा वापर म्हणून सांगितले. त्यांनी तो अक्षरशः तसाच वापरला, आणि २०१६ साली मृत्यूने गाठीपर्यंत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सायकलने फिरत ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी ते टिपत राहिले.

त्यांची कीर्ती ज्या चित्रापासून सुरू झाली, त्याची कथा आमच्या विषयाचे मर्मच सांगते. १९७८ साली रस्त्याने जाणाऱ्या एका स्त्रीच्या अंगावरील कोटाच्या खांद्याचा काट त्यांना इतका देखणा वाटला, की त्यांनी कॅमेरा उचलला. ती स्त्री म्हणजे जगापासून तोंड लपवून राहणारी अभिनेत्री ग्रेटा गार्बो आहे, हे त्यांना मागाहून कळले. कोणीही वार्ताहर गार्बोला पाहून धावला असता. कनिंगहॅम खांदा पाहून थांबले. ही नजर टोप्या शिवणाऱ्याचीच. हाताने बांधणी केलेल्या माणसालाच दुसऱ्याची बांधणी रस्त्यात ओळखू येते. तेव्हा कसब एका कलेतून दुसरीत जाते, ह्याचा ह्याहून चोख दाखला आम्हांला मिळालेला नाही. पण जे गेले ते कसब, यश नव्हे. यश असते, तर ते टोप्यांच्या दुकानातच राहिले असते.

आणि ह्या कसबाच्या जोडीला त्यांनी एक गोष्ट जाणूनबुजून सोडली: हुकमत. लागरफेल्ड ह्यांच्यापुढे माणसे येऊन उभी राहत. कनिंगहॅम माणसांपुढे जाऊन उभे राहत. कोणाला थांबविणे नाही, वळविणे नाही. पाऊस पडला, डबके साचले, की ते ओलांडताना स्त्रिया कशी उडी घेतात आणि बुटांचे काय होते, हे पाहत ते कोपऱ्यावर उभे. मोठ्यांच्या मेजवान्यांना जात, पण तेथील अन्नाला हात लावीत नसत. अंगात पॅरिसच्या कामगारांचे निळे जाकीट. त्यांच्या रविवारच्या सदरात वीसपंचवीस लहान चित्रे दाटीने मांडलेली असत. त्यांतले एखादे सुटे काढून भिंतीवर टांगावे, तर कदाचित फार मोठे वाटणार नाही. ही त्यांची मर्यादा आम्ही लपवीत नाही. परंतु सगळी एकत्र वाचली, म्हणजे त्या आठवड्यात त्या शहराने काय अंगावर घातले होते आणि का, हे कळते. लागरफेल्ड ह्यांच्या शंभर चित्रांतून एका जाकिटाची ओळख होते; कनिंगहॅम ह्यांच्या एका पानातून एका शहराची.

अशा प्रकारच्या कलांतराचे आपल्याकडेही एक थोर उदाहरण आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. ‘आपण चित्रकार, तेव्हा चित्रपट येणारच’ असे मानून ते थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या नात्यातल्या आनंदरावांनी कॅमेऱ्याचे यंत्रच स्वतः जुळवावयास घेतले. आनंदराव १९१६ साली वारले, तरी बाबूरावांनी ते १९१८ साली पुरे केले, आणि मग १९२० साली ‘सैरंध्री’ आला. दुसऱ्या कलेच्या दारात त्यांनी पहिल्या कलेची पदवी पुढे केली नाही. उमेदवार म्हणून पहिल्या पायरीवरच बसले. त्याच कोल्हापूरच्या भानू अथय्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या, स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने करीत करीत वस्त्रांकडे वळल्या, आणि ‘गांधी’ ह्या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली ऑस्करच्या सहमानकरी झाल्या. चित्रकार स्त्री वेशभूषाकार झाली, ती मधला पूल पायी ओलांडून.

ह्या सर्वांतून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा. वेशरचनेतील कसब छायाचित्रणात येते; कापड ओळखणारी, खांदा पारखणारी, पाठ पाहणारी नजर कॅमेऱ्यामागेही शाबूत राहते. यश मात्र येत नाही. आणि यशाबरोबर आलेला अधिकार तर आडवाच येतो. वेशरचनेत अधिकार हे साधन आहे. शंभर हात एका मनाप्रमाणे चालल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही. परंतु छायाचित्रात जे प्राणभूत असते, ते बहुधा आपल्या मनाविरुद्ध घडलेले असते. आणि ज्याच्या मनाविरुद्ध वर्षानुवर्षे काहीच घडलेले नाही, त्याला ते ओळखू येणे कठीण.

आता हे सारे आपल्या पंक्तीला कसे लागू पडते, ते सांगून लेख आटोपता घेतो. परप्रांती राहणाऱ्या मराठी मंडळींत आपण एक खोड लावून घेतली आहे. कचेरीतील हुद्दा आपण संध्याकाळी मंडळाच्या सभागृहातही बरोबर नेतो. एखादे साहेब आपल्या खात्यात खरोखर कर्तबगार असतात. त्या कर्तबगारीविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्यांनी कविता केली, की ती अंकाच्या पहिल्या पानावर. त्यांनी नाटक बसविले, की टाळ्या आधी आणि पडदा मागाहून. त्यांचे नुकसान कोणी पाहत नाही. त्यांच्या कवितेतील एक ओळ खरी असेल, तर ती कोणती आणि उरलेल्या का पडल्या, हे त्यांना सांगणारा मनुष्य त्यांना मिळत नाही. लागरफेल्ड ह्यांना निदान काप्रीचा खडक मिळाला, जो त्यांचे ऐकत नव्हता. आपण आपल्या साहेबांना तेवढाही खडक मिळू देत नाही.

दुसरी खोड आमच्यासारख्या कारकुनांची. मोठ्यांच्या हातून दुसरी कला साधली नाही, की आम्ही मनातून सुखावतो आणि अपयशालाच गुणवत्तेचा दाखला समजतो. कनिंगहॅम ह्यांचा टोप्यांचा धंदा बसला म्हणून ते छायाचित्रकार झाले नाहीत. त्यानंतर अनेक दशके ते रस्त्यावर उभे राहिले, म्हणून झाले. न गाजणे ही काही कला नव्हे.

त्यांना मिळालेला सल्ला मात्र आपणां सर्वांच्या उपयोगाचा आहे. कॅमेरा टिपणवहीसारखा वापरावा. टिपण हा शब्द आपल्या कचेरीतलाही आहे. चांगले टिपण कोणते, हे आपल्यातला प्रत्येक जण जाणतो: फायलीत जे आहे ते त्यात यावे, वरिष्ठांना काय रुचेल ते नव्हे, आणि आपल्याला काय शोभेल तेही नव्हे. एवढे कसब आपल्यापाशी आहे. दुसऱ्या कोणत्याही कलेच्या दारात जाताना तेवढेच बरोबर न्यावे आणि हुद्दा, थोर असो की लहान, बाहेर खुंटीवर टांगून आत शिरावे, एवढेच आमचे म्हणणे.